वाडा आपला, गोष्ट कुणाची?

करवीर तालुक्यातल्या एका गावात माझ्या चुलतभावाचा वाडा आहे. मागं तो एका मालिकेला भाड्यानं दिला होता. पहिल्याच दिवशी आर्टवाल्या पोरांनी सोप्यातल्या भिंतींचा दिवाळीत दिलेला रंग झाकून टाकला आणि वर शेणामातीनं सारवल्यासारखा दिसणारा दुसरा रंग मारला. मुळातच जुना असलेला वाडा आणखी जुना दिसावा म्हणून केलेला हा खर्च वहिनींच्या काही पचनी पडेना. मग शेजारच्या गोठ्यातली म्हैस आणून दारात बांधली. तिचं दिवसाचं भाडं ठरलं. गावातल्याच एका एम.ए. झालेल्या पोराला संवाद 'कोल्हापुरी' करून द्यायला ठेवलं होतं, त्याचा रोज म्हशीपेक्षा कमी निघाला. गावात हा विनोद वर्षभर चालला. मला त्यात हिशेब दिसला. म्हशीच्या मालकानं तीनदा घासाघीस केली होती, पोरानं एकदाही केली नव्हती.

त्या पोराचं काम मी जवळून पाहिलं. संवाद मुंबईहून सकाळी फोनवर यायचे, कधी कधी शॉट लागायच्या तासभर आधी. प्रमाण मराठीत लिहून वर 'लई', 'व्हय', 'बगा' अशी फोडणी टाकलेली असायची. एके दिवशी नायिकेच्या तोंडी होतं, 'मी लई दमले, मी रानात जाते.' पोरगा म्हणाला, "आमच्यात बाई असं म्हणत न्हाई. ती म्हणती, मी दमलो, मी रानात जातो." खरंच आहे. कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चॅनेलच्या माणसानं फोनवरूनच निकाल दिला, की नागपूर-नाशिकचा प्रेक्षक म्हणेल नायिका चुकली. 'जाते' राहिलं. 'लई'ही राहिलं.

तालमीच्या कट्ट्यावर सिनेमा-मालिकांचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, कोरियन काय, तुर्की काय, दक्षिणेकडचं डब केलेलं काय, बाहेरचं इतकं आलंय की आपलं काही उरणार नाही. दुसरा म्हणतो, ते जाऊ दे, कोल्हापुरात शूटिंग वाढवा, पोरांच्या हाताला काम द्या. पहिल्यात भीती जास्त आहे, दुसऱ्यात लाचारी. गोष्टी मुलूखभर फिरतात, फिरल्याच पाहिजेत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण फिरणाऱ्या गोष्टीचा पैसा ती जन्मली त्या गावी क्वचित परततो. तिची वाहतूक ज्याच्या ताब्यात आणि कागदावर ज्याची सही, त्याच्याकडं तो जातो. कोल्हापूरनं शंभर वर्षं माणसं दिली, आवाज दिले, जागा दिल्या. वाहतूक आणि कागद, म्हणजे वितरण आणि मालकी, या दोन गोष्टी मात्र आपण कधी मागितल्याच नाहीत.

हा धंदा कसा चालतो ते गुऱ्हाळावरून चांगलं कळतं, कारण तो गुऱ्हाळाच्या बरोबर उलटा चालतो. गुळाच्या दुसऱ्या ढेपेला पहिलीइतकाच ऊस लागतो, तितकंच जळण लागतं. सिनेमाच्या पहिल्या प्रतीत सगळं भांडवल जातं, आणि दुसरी, दहावी, दहा हजारावी प्रत त्या मानानं फुकटात पडते. म्हणून ज्याच्या घरचा बाजार मोठा, तो घरीच खर्च वसूल करतो आणि बाहेर मिळेल त्या भावानं माल सोडतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-इटलीतली चित्रपटनिर्मिती कोलमडली आणि अमेरिकन कंपन्यांनी नेमकं हेच केलं. १९२७-२८ साली रंगाचारी समितीनं हिंदुस्थानातल्या चित्रपटधंद्याची चौकशी केली, तेव्हा इथल्या पडद्यांवरचे बहुतेक चित्रपट परदेशी, त्यातही अमेरिकन होते. लोकांना ते आवडत होते हे खरं, पण थिएटरवाल्याला ते परवडत होते हे जास्त खरं. शिवाय हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांकडं निर्मिती, वितरण आणि थिएटरं ही तिन्ही टोकं एकाच हातात होती. नावाजलेल्या नटाचा एक सिनेमा हवा तर त्याच्याबरोबर चार पडेल सिनेमे थिएटरवाल्याच्या गळ्यात मारायचे, ही तिथली रीत. ती बेकायदा ठरवायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४८ साल उजाडावं लागलं. (आज ओटीटी कंपनी स्वतःच बनवते आणि स्वतःच दाखवते. थिएटर आपल्या खिशात आलं म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.)

या खेळात कोल्हापूर ज्या पद्धतीनं उतरलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांना सिनेमा करायचा होता. परदेशी कॅमेरा मिळेना, म्हणून त्यांनी कॅमेराच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं. तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवल पुरवलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' आला, १९२५ साली 'सावकारी पाश'. त्याच कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी १९२९ साली सीताराम कुलकर्णींना बरोबर घेऊन 'प्रभात' काढली. लेथवर यंत्र घडवता आलं. पण त्यात घालायची कच्ची फिल्म परदेशातूनच यायची आणि मोठा गल्ला मुंबईसारख्या शहरांत जमायचा. १९३३ साली 'प्रभात' पुण्याला गेली, तिच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भालजी पेंढारकरांनी पुढं कितीतरी वर्षं कोल्हापुरातल्या 'जयप्रभा' स्टुडिओत सिनेमे केले, पण वितरणाच्या नकाशावर कोल्हापूर हे मुंबई टेरिटरीतलं एक स्टेशन होऊन बसलं होतं.

त्या काळातली एक गोष्ट आजच्या चर्चेत कुणीच काढत नाही, याचं मला नवल वाटतं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', म्हणजे पहिला मराठी बोलपट, कोल्हापुरात झाला आणि तो मराठीबरोबर हिंदीतही झाला. डबिंग तेव्हा रुळलं नव्हतं. तीच कथा, तोच थाट, आणि बोलणं मात्र दोन भाषांत. युरोपात त्याच सुमारास तोच खटाटोप चालला होता. १९३० चा जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल' जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाला. पडदा बोलायला लागल्याबरोबर भाषेची भिंत उभी राहिली आणि बर्लिनमध्ये नि कोल्हापुरात तिच्यावरून उडी मारायची एकच युक्ती निघाली. गंमत पुढंच आहे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईपायी धुळीला मिळालेला मास्तर, हे 'ब्लू एंजल'चं कथानक १९७२ साली शांतारामांच्याच 'पिंजरा'त आलं. जर्मन शहरातला मास्तर मराठी गावात आला, कॅबरेच्या जागी तमाशाचा फड उभा राहिला. संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, गाणी आपल्या कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांची. माझ्या आत्यानं हा सिनेमा किती वेळा पाहिला याची गणती नाही, आणि त्यात काही परकं आहे असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला चहासुद्धा विचारला नसता. बाहेरची गोष्ट आली की संस्कृती बुडते म्हणणाऱ्यांनी या एका सिनेमाचा विचार करावा. परकी गोष्ट इथल्या लेखकाच्या, शाहिराच्या, ढोलकीवाल्याच्या हातून गेली की ती इथली होते. हे हात मध्ये असले पाहिजेत, एवढीच अट.

टीव्हीच्या धंद्यात आता ही देवाणघेवाण रीतसर करार करून होते. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला 'बिग ब्रदर' देशोदेशी फिरत २०१८ साली 'बिग बॉस मराठी' होऊन आला. त्याच १९९९ सालच्या कोलंबियातल्या 'बेट्टी' या मालिकेची २००३ साली हिंदीत 'जस्सी' झाली. असा कार्यक्रम विकला जातो तेव्हा नावाबरोबर एक जाडजूड पोथीही विकली जाते. सेट कसा, खेळ कसा, संगीत कधी, सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि त्या पोथीची फी वर्षानुवर्षं चालू राहते. मालिकांचं गणित त्याहून सोपं आहे. 'श्रीमोयी' ही बंगाली मालिका २०१९ साली आली, त्याच वर्षाअखेर ती मराठीत 'आई कुठे काय करते' झाली आणि २०२० साली हिंदीत 'अनुपमा'. तिन्ही वाहिन्या एकाच समूहाच्या. एका भाषेत टीआरपी मिळाला की गोष्टीची परीक्षा पास, मग बाकीच्या भाषांत धोका कमी. मराठीतूनही गोष्टी बाहेर जातात. 'तुला पाहते रे' कन्नडमध्ये गेली, 'सैराट' तर कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी अशा पाच भाषांत गेला. हिंदीत जाताना त्याची जात पुसट झाली आणि उदयपूरचे महाल ठळक झाले, हे माझं मत. ते कुणाला पटणार नाही, पण करमाळ्याच्या भाषेतला 'सैराट' ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

बोलीचा प्रश्न तुर्की मालिकांनी सगळ्यांत हुशारीनं सोडवला. तुर्कस्तानात फारशी न गाजलेली 'ग्युमुश' ही मालिका २००८ साली 'नूर' या नावानं अरब देशांत दाखवली गेली. डबिंग करणाऱ्यांनी पुस्तकी अरबी टाळली आणि सीरियातली घरगुती बोली घेतली. पात्रांची नावंही अरबी केली. बायका घरात जशा बोलतात तशी नायिका बोलायला लागली आणि अरब जग वेडं झालं. ज्या हवेलीत चित्रीकरण झालं होतं ती बघायला अरब पर्यटक इस्तंबूलला जायला लागले, तिकीट काढून. आपल्याकडं 'तुझ्यात जीव रंगला' चालू असताना वसगड्यातला वाडा बघायला अशाच गाड्या भरून यायच्या, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून 'जाते' की 'जातो' हा मला किरकोळ वाद वाटत नाही. आमच्या चॅनेलवाल्याला वाटलं बोली गुळगुळीत केली की गोष्ट लांब जाते. तुर्की मालिका बोलीच्याच पाठीवर बसून लांब गेल्या.

मग कोरियाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. हल्ली प्रत्येक भाषणात कोरिया असतो. १९९४ साली तिथल्या अध्यक्षांच्या सल्लागार मंडळानं एक हिशेब मांडला, की 'ज्युरासिक पार्क' या एका सिनेमाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या विक्रीइतकी आहे. सरकार खडबडून जागं झालं. थिएटरांनी वर्षातले १४६ दिवस कोरियन सिनेमे दाखवलेच पाहिजेत, असा नियम आधीपासून होता. २००६ साली अमेरिकेच्या दबावाखाली ते दिवस ७३ वर आले, तरी त्यांचा सिनेमा कोसळला नाही, कारण तोवर माणसं घडवण्यावर, लेखनावर, वितरणावर पैसा लागला होता. आपल्याकडं २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी सिनेमा दाखवण्याचा नियम आला. नियम चांगला, पण त्याच्या मागं बाकी काही उभं राहिलं नाही. आणि कोरियाचंही सगळं गोड नाही. 'स्क्विड गेम'ची कथा लेखक-दिग्दर्शकानं दहा वर्षं दारोदार फिरवली, अखेर अमेरिकन ओटीटीनं घेतली, २०२१ साली ती जगभर पाहिली गेली, आणि मालकी राहिली ओटीटीकडं. एवढं सगळं करूनही कागद हातचा गेला तो गेलाच.

कुस्तीच्या गावात राहतो म्हणून आणखी एक उदाहरण देतो. २०१७ साली 'दंगल' चीनमध्ये लागला आणि तिकीटबारीवर हजार कोटींच्या वर गल्ला जमला. आमच्या तालमीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण परदेशी सिनेमांसाठी ठरवलेल्या कोट्यातून आलेल्या सिनेमाला चीन गल्ल्यातला साधारण चौथा हिस्सा देतो, बाकी तिथंच राहतो. दार ज्याचं, वाटा त्याचा.

या उलट नायजेरिया. तिथं दार आधी आलं आणि सिनेमा मागून. कोऱ्या व्हिडिओ कॅसेटचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्यानं माल खपावा म्हणून त्यावर सिनेमा भरून विकायचं ठरवलं. १९९२ चा 'लिव्हिंग इन बॉन्डेज' असा निघाला आणि त्यातून नॉलिवूड नावाचा अवाढव्य उद्योग. तांत्रिक बाजू यथातथाच होती, आपला बाबूरावांचा कॅमेरा त्यापुढं कलाकुसर वाटेल. पण बाजारातल्या गाळ्यापासून घरच्या टीव्हीपर्यंतची वाट त्यांच्या स्वतःच्या हातात होती. आज आपल्याकडं यूट्यूबवर गावाकडच्या वेबमालिका करणारी पोरं त्याच्या थोडी जवळ पोचलीत. यूट्यूब मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के देतं आणि मालकी करणाऱ्याकडं राहू देतं. दाराची किल्ली तिथंही परक्याकडंच आहे, पण निदान सातबारा आपल्या नावावर असतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा इथं केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. कंपनीला प्रेरणा भारतीय आहे हे कबूल करावं लागलं. चपलेच्या वेळी आपल्याला लगेच कळलं, कारण चप्पल हातात धरून दाखवता येते. आपली बोली, आपला पैलवान, आपला पांढरा रस्सा रोज रात्री साडेसातला विकला जातो, तेव्हा आपण सहकुटुंब समोर बसून बघतो आणि 'आपला रंकाळा दाखवला' म्हणून खूश होतो.

म्हणून कोल्हापूरच्या चित्रनगरीबद्दलची आपली मागणी मला अपुरी वाटते. तिच्या मोरेवाडीच्या माळावर चित्रीकरणाचे आणखी फ्लोअर व्हावेत, जरूर व्हावेत. 'जयप्रभा'साठी लोकांनी उपोषणं केली, त्यातली तळमळ मला समजते. पण फ्लोअर ही कुठंही मिळणारी वस्तू आहे. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळं महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा मराठी मालिका काही दिवसांत गोवा, गुजरात, हैदराबादला गेल्या. कथेतलं गाव जागच्या जागी राहिलं, जनरेटर तेवढा हलला. ज्याची जागा इतक्या सहज दुसरा घेऊ शकतो, त्यानं भाव काय करायचा? लोकेशनवर जेवण पुरवणाऱ्या इथल्या बाईला बिलासाठी तीन-तीन महिने थांबावं लागतं ते याचमुळं.

ज्याची जागा दुसरा घेऊ शकत नाही, अशा गोष्टी इथं आहेत आणि त्या स्वस्त आहेत. डबिंग आणि उपशीर्षकं हे काम चार खोल्यांत होतं, त्याला माळ लागत नाही, कान लागतो. तुर्की-कोरियन मालिका मराठीत यायच्याच असतील तर त्यांची भाषा कोल्हापुरात घडू द्या, आणि आपल्या गोष्टी कन्नडात न्यायला तर सीमेवरच्या या शहराइतकी सोयीची जागा नाही. इथं निम्म्या घरांत बेळगाव-निपाणीची सून आहे. सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, ते देताना कथालेखकाकडं रिमेकच्या हक्कातला काही वाटा राहिला पाहिजे अशी अट घालावी. फ्रान्समध्ये १९४८ पासून प्रत्येक तिकिटावर कर आहे, आज तो १०.७२ टक्के आहे, आणि हॉलिवूडच्या सिनेमाच्या तिकिटातूनही तो कापून सिनेमाच्याच निधीत जातो. म्हणजे बाहेरचा सिनेमा चालला तरी घरच्याला चार पैसे मिळतात. त्यांनी कुणाला अडवलं नाही, फक्त नाक्यावर पावती फाडली. आपल्याकडंही २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात लेखक-गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आला, थिएटरबाहेरच्या वापरासाठी, आणि तो करारात लिहून घेऊन काढून टाकता येत नाही. किती जणांना हे माहीत आहे, ते आपल्या आजूबाजूच्या लिहिणाऱ्या पोरांना विचारून बघा.

मी त्या वाड्यावरच्या पोराला विचारलं होतं. मालिका बंद पडली, म्हैस गोठ्यात गेली, भिंतींचा तो मातीचा रंग अजून तसाच आहे. पोरानं मधल्या काळात स्वतःची एक कथा लिहिली. पंचगंगेच्या पुरात घर सोडायला नकार देणारी म्हातारी, असा विषय. एका निर्मिती संस्थेला ती आवडली. गेल्या महिन्यात तो कराराचा कागद घेऊन माझ्याकडं आला. कागद इंग्रजीत. मी वाचत गेलो आणि तो कान देऊन ऐकत बसला. एकरकमी मोबदला, आणि त्या बदल्यात सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले, आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सर्व तंत्रांतले हक्क, संपूर्ण विश्वात, कायमचे.

"काका, विश्वात म्हंजी मंगळावर बी?"

"मंगळावर बी."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग पेन मागितलं आणि 'सर्व भाषांतले' याच्यावर रेघ मारून वर 'मराठी' लिहिलं. म्हातारीच्या संवादात कुणी 'जातो'चं 'जाते' करायचं नाही, अशी एक ओळ समासात जोडली. कागद परत पाठवून आज सतरा दिवस झाले. अजून उत्तर आलेलं नाही.